घर, परस आणि गाव

(ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभप्रसंगी झालेले भाषण)



श्रींच्या कृपेने मंदिराचा जीर्णोद्धार निर्विघ्नपणे पार पडला आणि कलश चढला. जमाखर्च या स्मरणिकेत छापला आहे, देणगीदारांची नावे फलकावर कोरली आहेत. हे योग्यच झाले. परंतु ज्या घरांमुळे या देवळाला गाव आहे, त्या घरांचा आणि त्यांच्या परसांचा जमाखर्च कोठेच छापला जात नाही. त्याविषयी आजच्या शुभदिनी चार शब्द.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा माथा. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, ते याच मुलखात. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस असा कोसळतो की चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाही. तरीसुद्धा वैशाखात बायाबापड्यांना हंडा घेऊन झऱ्यापाशी बसावे लागते. उतार तीव्र, माती पातळ आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी डोंगरावर ठरत नाही. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाने ते अडविले, पण त्यावर मळे फुलले ते प्रवरेच्या खालच्या अंगाला. अशा कठीण मुलखात माणूस टिकला तो तीन गोष्टींच्या आधाराने : घरामागचा परस, सावड आणि देवराई.

प्रथम परस. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, पुढे ओटी, एका अंगाला गोठा आणि मागे परस, अशी जुन्या घराची मांडणी. परस म्हणजे दोन-चार हात जागा, पण तीत काय नसते? कुडावर चढलेला घेवडा, मांडवावर दोडका आणि कारले, छपरावर भोपळा, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कडेला शेवगा, कढीलिंब, हळद. आवणीच्या दिवसांत बाजार दूर आणि हातात पैसा नाही, तेव्हा हाच परस घर जगवितो. चुलीची राख वेलाला, गोठ्याचे शेण आळ्याला, खरकटे कोंबड्यांना. काहीच वाया जात नाही.

या परसाचे खरे धन म्हणजे बियाणे. घरची म्हातारी पहिली भरदार शेंग तोडू देत नाही, ती वेलावरच वाळू देते. मग बी राखेत घोळून मडक्यात नाहीतर वाळल्या भोपळ्यात भरून ठेवायचे, काही शेंगा चुलीवरच्या धुरात टांगायच्या, म्हणजे कीड लागत नाही. कोणते बी कोणत्या नक्षत्रावर टोचायचे हे तिला तोंडपाठ असते. संकरित बियाण्याचे तसे नाही. ते दरसाल विकत आणावे लागते, कारण त्याचे बी धरून पेरले तर पीक मूळ वाणासारखे येत नाही. म्हणून घरचे बी एकदा मोडले की ते घर कायमचे दुकानावर अवलंबून राहते.

याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांनी घेवडा, वाल, भात, नागली यांचे गावरान वाण जमवून बियाण्यांची बँक उभी केली आणि भारत सरकारने २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर केली. जे ज्ञान घराघरांतल्या मडक्यांत होते, त्याचाच हा गौरव होय. नागलीला एके काळी गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडले गेले. तिच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा शहरवासीयांना तिची किंमत कळली.

सात-बाराच्या उताऱ्यात क्षेत्र लिहितात, पीक लिहितात, बोजा लिहितात. गावठाणातील परसाला सात-बाराच नाही. त्यामुळे त्या भाजीने किती पोरे वाढली, त्याला कोणताच रकाना नाही.

दुसरी गोष्ट सावड. आज याच्या खाचरात सगळ्यांनी आवणी करायची, उद्या त्याच्या. मजुरी नाही, कामाला काम फेडायचे. विधवेचे शेत मागे राहू नये, आजाऱ्याचे घर शाकारल्यावाचून पावसात सापडू नये, ही त्यामागची दृष्टी. या मंदिराचे दगड आणि वाळू वर चढली तीही अशाच हातांनी. पाण्याचे हंडे वाहिले ते माउल्यांनी. त्यांची नावे फलकावर नाहीत, पण भिंतीत त्यांचे पाणी आहे, हे विसरता कामा नये.

तिसरी देवराई. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा वाडवडिलांचा कायदा. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ व वर्तक या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील देवरायांची पाहणी केली आणि त्यांचे मोल विद्वानांपुढे मांडले. झाडांची मुळे माती धरतात, पालापाचोळा पाणी मुरवितो आणि ते पाणी खालच्या झऱ्याला पुरते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे १५० माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला. अतिवृष्टी माणसाच्या हाती नाही. परंतु वरचे रान राखणे आणि उतार विचार न करता न कापणे, एवढे खचित हाती आहे.

आता एक कटू गोष्ट. गावात कुलूपबंद घरे वाढली आहेत. पोटासाठी मुंबई, नाशिक गाठावे लागते, त्यात कोणाचा दोष नाही. जे गेले त्यांच्याच पैशाने देऊळ उभे राहिले. परंतु घर बंद पडले की परस रानटतो, बी मोडते, सावडीतला एक हात कमी होतो. या भागात बोहाड्याची सोंगे घराण्याघराण्यांकडे असतात. ज्या घराला कुलूप, त्या घराचे सोंग कोणी नाचवायचे? देव देवळात असेल, पण त्याच्यापुढे नाचणारा नसेल, तर कलशाची शोभा कोणासाठी?

यास्तव ग्रामस्थांना व देणगीदारांना तीन विनंत्या. मंदिराच्या नव्या खोलीतील एक फळी बियाण्यासाठी राखावी. प्रत्येक घराने आपल्या परसातले मूठभर बी तेथे ठेवावे आणि ज्याचे मोडले असेल त्याने मागून न्यावे. दुसरे, देवराईतील वाळले लाकूडसुद्धा उत्सवासाठी तोडू नये आणि झऱ्याची साफसफाई दर चैत्रात सावडीने करावी. तिसरे, शहरवासी बंधूंनी वर्षातून एक खेप आवणीला यावे आणि मुलांना घेऊन यावे. देणगीची पावती पेटीत पडून राहते, पण चिखलात रोवलेली रोपे मुलांच्या ध्यानात राहतात.

दगडाचे देऊळ जीर्ण झाले तर पुन्हा बांधता येते. मोडलेले बी, आटलेला झरा आणि तुटलेली सावड यांचा जीर्णोद्धार वर्गणीने होत नाही, तो रोजच्या राहणीने होतो. ही राहणी या गावात अखंड नांदो, प्रत्येक परसात वेल चढो आणि कुलूपबंद दारे उघडोत, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.

जय हिंद, जय महाराष्ट्र.