नाताळचं झाड : खरं की प्लॅस्टिकचं?

(सोसायटीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवी वर्षात मला चार शब्द बोलायला सांगितलं, त्याबद्दल कमिटीचे आभार. विषयही कमिटीनेच दिला, कारण तो सध्या लिफ्टमध्ये, गेटवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गाजतो आहे. लॉबीत ठेवायचं नाताळचं झाड! गच्चीवरच्या खोलीतलं नऊ वर्षांचं प्लॅस्टिकचं झाड टाकून खरं झाड आणावं, असं तरुण मंडळींचं म्हणणं. काही जण म्हणतात, टाकायचंच असेल तर नवीन, मोठं, लाइटवालं घ्या. तिसरा पक्ष म्हणतो, हा खर्चच कशाला? पाणीपट्टीवर झाला नसेल एवढा वाद यावर झाला.

आधी थोडा इतिहास. घरात झाड आणून सजवण्याची चाल जर्मन लोकांची. स्ट्रासबुर्ग शहरात लोक दिवाणखान्यात झाड उभं करून त्याला कागदी फुलं आणि सफरचंदं लावतात, अशी नोंद १६०५ सालची आहे. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि मग ती फॅशन इंग्रजी मुलखात पसरली. व्हॅटिकनच्या चौकात तर पहिलं झाड उभं राहिलं ते १९८२ मध्ये. गोठ्याचा देखावा मात्र त्याहून कितीतरी जुना. संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ साली तो मांडला. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सांगतात ते म्हणूनच मला पटतं. त्या म्हणतात, "आमच्या लहानपणी झाडाचं एवढं नव्हतं हो. गोठा महत्त्वाचा. पेंढा आणायचा, वाटीत नाचणी पेरायची, नाताळपर्यंत हिरवी व्हायची."

नकली झाडही आजकालचं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हंसाची पिसं हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून झाडं करत. आताची झाडं असतात पीव्हीसीची. आत लोखंडी तार आणि वर प्लॅस्टिकची पट्टी, एकमेकांत पिळलेली. ती वेगळी करता येत नाहीत, म्हणून भंगारवालाही घेत नाही. जाळलं तर विषारी धूर. म्हणजे एकदा घेतलं की ते आपल्यानंतरही पृथ्वीवर राहणार.

मग खरं चांगलं का? इथे बँकवाल्याची सवय आडवी येते. हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेने तो मांडलेला आहे. साधारण साडेसहा फुटी प्लॅस्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडचा भार पडतो. तेवढंच खरं झाड नाताळनंतर कचरा डेपोत कुजलं तर सुमारे १६ किलो, आणि जाळलं किंवा त्याचा भुसा करून वापरला तर साडेतीन किलो. म्हणजे दरवर्षी खरं झाड आणून त्याची नीट विल्हेवाट लावणाऱ्याशी बरोबरी करायची, तर प्लॅस्टिकचं झाड जवळजवळ बारा वर्षं वापरायला हवं. आपलं झालंय नऊ वर्षांचं. कर्ज अजून फिटलेलं नाही मंडळी, आणि आपण तारणच फेकायला निघालो!

पण हा हिशेब तिकडचा. तिथे फर आणि स्प्रूस शेतात लावतात, सहा ते दहा वर्षं वाढवतात, तोडल्यावर पुन्हा रोपं लावतात. ते पीक आहे. आपल्या वसईच्या हवेत ते होत नाही. आपल्याकडे 'खरं झाड' म्हणजे दोनच गोष्टी. एक, सुरूची फांदी. पूर्वी किनारपट्टीवर बऱ्याच ठिकाणी तीच वापरत. पण सुरूची झाडं किनाऱ्यावर वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहेत, तिथे कोयता घेऊन जायचं नाही. शहरात तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. ज्या वसईत फादर दिब्रिटोंनी हिरवळ वाचवण्यासाठी लढा दिला, तिथे हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत मिळतं ते, अरोकेरिया. हे पॅसिफिक बेटांवरचं झाड. आपल्याकडे चांगलं जगतं; पण त्याच्या अटी आहेत. भरपूर उजेड लागतो. आपल्या लॉबीत दुपारीही दिवा लावावा लागतो, तिथे ते महिन्या-दोन महिन्यांत खालून पिवळं पडेल. खालची फांदी एकदा गळली की तिथे पुन्हा येत नाही. शेंडा मोडला की आकारच गेला. फांद्या नाजूक, त्यावर जड घंटा लटकवू नयेत. आणि हौसेने कंपाउंडमध्ये लावू म्हणाल, तर जमिनीत ते दीडशे फुटांच्या वर जाऊ शकतं. बिल्डिंगला चिकटून ते परवडणार नाही.

म्हणून माझं मत असं. लॉबीसाठी जुनंच झाड काढावं. वाकलेल्या फांद्या सरळ करून, धुऊन ते आणखी पाच-सात वर्षं सहज चालेल. नवीन घेऊ नये. ज्यांना खरं हवं, त्यांनी आपल्या बाल्कनीत कुंडी ठेवावी, वर्षभर पाणी घालावं आणि नाताळात चार दिवस आत आणावी. खऱ्या झाडाची हौस म्हणजे तीनशे पासष्ट दिवसांची जबाबदारी. आणि झाड खरं असो वा खोटं, मीटर बॉक्सपासून लांब ठेवा आणि रात्री वॉचमनने लाइटची माळ बंद करावी. पीव्हीसीचा धूर जिन्यात भरला तर वरच्या मजल्यावरच्यांना वाट उरणार नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. साठ फ्लॅटमध्ये नाताळ करणारी घरं नऊ. जनरल बॉडीत हात वर करून एक्कावन्न घरांनी नऊ घरांचा सण ठरवू नये. गणपतीची शाडूची मूर्ती आणायचं ठरलं, तेव्हा गणपती करणाऱ्यांचाच शब्द शेवटचा होता, आणि या नऊ घरांनी तेव्हा मुकाट्याने वर्गणी दिली होती. मी माझं मत मांडलं. निर्णय त्या नऊ घरांनी घ्यावा, बाकीच्यांनी झाड उभं करायला हात लावावा. आणि आजी तयार असतील तर यंदा झाडाच्या बुंध्याशी त्यांच्या हातचा गोठा मांडू या. नाचणी मी आणून देतो, पेरायला मुलांना सांगा.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो. सर्वांना नाताळच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र!