बेजागीं पडलेली संख्या

ठाणें व ऐरोली यांच्या दरम्यानचें दिघा गांव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजीं सुरू झालें. तोंवर गाड्या दिघ्यावरून धांवत, थांबत मात्र नसत. तेथील रहिवाशाला ठाण्यास किंवा ऐरोलीस उतरावें लागे. संगणकाच्या मेमरीचा कारभारही कांहींसा असाच. तींत प्रत्येक बाइटला क्रमांक असतो; परंतु चार बाइटांची संख्या उचलतांना कित्येक प्रोसेसर चारानें भाग जाणाऱ्या क्रमांकावरच थांबतात.

पुण्याच्या सी-डॅकनें १९९८ मध्यें उभारलेल्या ‘परम १००००’ महासंगणकांत अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते. ते या बाबतींत मोठे कर्मठ! अशी संख्या सहाव्या क्रमांकापासून मागितली, कीं प्रोग्रॅम तेथेंच बंद पडे. २००८ च्या ‘परम युवा’मध्यें इंटेलचे प्रोसेसर आले, ते, प्रसंगीं दोन खेपा करून, संख्या बहुधा आणून देतात. सी भाषेचा नियम अशा वाचनाची हमी देत नाहीं. इंटेलवर तें चालतें हा निव्वळ यंत्राचा उदारपणा. म्हणून तेथें वर्षानुवर्षें बिनबोभाट चाललेली लायब्ररी स्पार्कवर नेतांच कोसळूं शके.

कोसळणें तरी परवडलें. एआरएमचे कित्येक जुने प्रोसेसर तक्रार न करतां, बाइटांची फिरवाफिरव करून, भलतीच संख्या हातीं ठेवीत. हिशेब चुके, आणि कोणास पत्ताही लागत नसे.

उपाय जुनाच आहे. संख्या थेट न उचलतां तिचे बाइट आधीं योग्य जागीं नकलून घ्यावे, मग ती वाचावी. जेथें यंत्र उदार असतें, तेथें चांगला कंपायलर ही नक्कल बहुधा एकाच सूचनेंत उरकतो.