तुरुंगात कोण आहे आणि तो अजून आत का आहे?

(युवक अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडे कुठून येतात, कुठे अडकतात, हे दिवसभर बघणं हे माझं काम. आज तुरुंगांकडे तसंच बघायचं आहे.

आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक वाक्य अधूनमधून फिरत येतं: "बघा, तुरुंगात हेच लोक जास्त." कॉलेजच्या कट्ट्यावर आणि ऑफिसच्या कँटीनमध्येही ते ऐकू येतं. त्यावर आपण एकतर चिडतो, नाहीतर मान खाली घालतो. या दोन्हींच्या आधी आकडा नीट वाचायला शिकू.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. 2022च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. जागा होती 4,36,266 जणांची. आत असलेल्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही, ज्याला कुठल्याही कोर्टानं दोषी ठरवलेलं नाही. चारातले तीन असे. तेव्हा "तुरुंगात गुन्हेगार असतात" हे वाक्य कायद्याच्या भाषेत तीन चतुर्थांश चुकीचं आहे.

आता धर्माचा आणि जातीचा रकाना. 2019च्या अहवालात शिक्षा झालेल्यांमध्ये मुस्लिम 16.6 टक्के होते, कच्च्या कैद्यांमध्ये 18.7 टक्के आणि स्थानबद्धांमध्ये 35.8 टक्के. 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत आपण 14.2 टक्के. हा क्रम लक्षात घ्या. कोर्टात पुरावा तपासून शिक्षा होते तिथे आपला वाटा त्यातल्या त्यात कमी आहे. खटला संपायचा आहे तिथे तो वाढतो. आणि खटल्याशिवाय, प्रतिबंधक कायद्याखाली डांबलं जातं तिथे दुपटीच्या पुढे जातो. पुराव्याची चाळणी जितकी सैल, तितके आपण जास्त.

पण हे फक्त आपलं दुखणं नाही. त्याच अहवालात अनुसूचित जाती कच्च्या कैद्यांत 21 टक्के होत्या, लोकसंख्येत 16.6. अनुसूचित जमाती शिक्षा झालेल्यांत 13.6 टक्के होत्या, लोकसंख्येत 8.6. आणि कच्च्या कैद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दहावीपर्यंतही पोचलेले नाहीत. म्हणजे गरिबांची, कमी शिकलेल्यांची एक रांग आहे आणि त्या रांगेत आपण इतरांसोबत उभे आहोत.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. ही आकडेवारी 31 डिसेंबर या एका दिवसाची असते. म्हणजे तो एक फोटो आहे. समजा 'अ' आणि 'ब' अशा दोन वस्त्या आहेत. दोन्हींतून महिन्याला शंभर-शंभर माणसं अटक होतात. 'अ'मधला माणूस महिन्याभरात जामिनावर सुटतो, 'ब'मधल्याला तीन महिने लागतात. कुठल्याही दिवशी फोटो काढा, आत 'अ'चे शंभर आणि 'ब'चे तीनशे दिसतील. अटका सारख्याच, पण फोटोत 'ब' तिप्पट. आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले राहण्याचा काळ. सर्व्हरवरच्या रिक्वेस्टना लागू पडतं तेच तुरुंगालाही.

म्हणून फोटोवरून "हे लोक गुन्हे जास्त करतात" असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि केवळ फोटोवरून "सगळ्या अटका खोट्या" असंही आपण म्हणू नये. दोन प्रश्न वेगळे ठेवा: आत कोण येतं, आणि आत आल्यावर किती दिवस राहतं? पहिल्या प्रश्नासाठी पोलिसांच्या कामाबद्दल आवाज उठवावा लागेल, ती लांबची लढाई आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र उद्या सकाळपासून काम करता येतं.

आमच्या वस्तीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. बावीस वर्षांचा, गॅरेजमध्ये काम करणारा. मोबाइलचोरीचा आरोप. कोर्टानं जामीन मंजूर केला आणि त्यानंतर तो सहा आठवडे आत राहिला. जामीनदार हवा होता, जामीनदाराला ऐपतीचा दाखला हवा होता. घर भाड्याचं, करार नाही. रेशनकार्ड गावच्या पत्त्यावर. चाचा यायला तयार होते, पण त्यांची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात. त्याच्या अम्मीला वाटत होतं की जामीन अजून मिळालेलाच नाही. मंजूर झाला आहे आणि फक्त कागद अडलाय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

गंमत बघा, हा प्रश्न सुप्रीम कोर्टानं 1978मध्येच सोडवला होता. मोती राम नावाच्या गवंड्याचा खटला. खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचं ठरवून त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून खटल्यात कोर्टानं म्हटलं की जलद खटला हा संविधानाच्या कलम 21मधला हक्क आहे. बिहारच्या तुरुंगांतले ते कच्चे कैदी, आरोपाची शिक्षा असते त्याहून जास्त काळ आत होते.

तेव्हापासून नियम वाढत गेले. ते पाठ करा, कारण आत असलेल्याच्या घरच्यांना ते माहीत नसतात.

एक, 31 जानेवारी 2023चे सुप्रीम कोर्टाचे निर्देश. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात गेला पाहिजे. ई-प्रिझन्स सॉफ्टवेअरमध्ये जामिनाची तारीख नोंदली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं.

दोन, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479. याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं, इतरांना निम्म्या काळानंतर. अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकावर आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले सुरू असलेले यात बसत नाहीत. 1 जुलै 2024च्या आधीच्या खटल्यांनाही हे लागू आहे, असं सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं.

तीन, कोठडीतल्या कुठल्याही माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

चार, गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना. 2023च्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रकमेची तरतूद होती.

नियम आहेत. पण नियम आणि माणूस यांच्यामध्ये कोणीतरी कागद घेऊन धावावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे तुम्ही. तुम्हाला ई-कोर्ट्सचं ॲप वापरता येतं. केस नंबर टाकून पुढची तारीख आणि आदेश बघायला दोन मिनिटं लागतात. त्याच दोन मिनिटांच्या माहितीसाठी एखादी आई दिवसाची मजुरी बुडवून कोर्टाच्या व्हरांड्यात बसते.

आपल्या बऱ्याच मोहल्ल्यांत बैतुलमाल आहे. लग्नाला, दवाखान्याला, फीला मदत होते. त्यात एक वही आणखी ठेवा: कोण आत आहे, कुठलं कलम, कधीपासून, जामीन झाला का, कागद कुठे अडलाय. शेजारच्या बौद्ध वस्तीतलं, पारधी वस्तीतलं नाव आलं तर तेही त्याच वहीत लिहा. तुरुंगाच्या दारात रांग एकच आहे, आपली वही वेगळी कशाला?

आरोप खरा की खोटा, ते कोर्ट ठरवेल. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा व्हावी, आपल्या मुलालाही व्हावी. पण ऐपतीचा दाखला नव्हता म्हणून कोणी आत राहू नये. भाषण संपल्यावर दारापाशी एक कागद ठेवला आहे. ज्यांना महिन्यातले दोन शनिवार देता येतील, त्यांनी त्यावर नाव आणि तालुका लिहून जा.