यादीत नसलेले नववे घर

(मंडळीच्या मिशन रविवारी केलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर वणवा पोहोचला, तेव्हा आपण सढळ हाताने दिले. त्याचा हिशेब कोषाध्यक्षांनी आपल्यापुढे ठेवला आहे. मी हिशेबात न आलेली गोष्ट सांगणार आहे. पाडा अक्राणी तालुक्यातला, एवढेच सांगतो. नाव सांगत नाही, फोटोही आणलेला नाही. का, ते पुढे कळेल.

होळीनंतर तिथे मोह गळू लागतो. पहाटे फुले वेचायची, वाळवायची, विकायची. घरात चार पैसे येतात ते याच दिवसांत. झाडाखालच्या पाचोळ्यात फुले दिसत नाहीत, म्हणून पाचोळा पेटवून जागा साफ करायची, ही जुनी रीत. एरवी ती आग तिथल्या तिथे विझते. त्या दुपारी वारा सुटला. उतारावरचे वाळलेले गवत धरून आग वर चढली आणि घरांशेजारी मांडवावर रचलेल्या चाऱ्याला लागली. हातपंप कोरडा, नाला खाली लांब, मोठी माणसे बाजाराला गेलेली. देवाच्या कृपेने माणूस कोणी दगावले नाही. दाव्याला बांधलेल्या शेळ्या मात्र जागच्या जागी गेल्या.

चौथ्या दिवशी आम्ही टेम्पो घेऊन पोहोचलो. धान्य, भांडी आणि कपड्यांची गाठोडी. एका बाईने साडी हातात घेतली, नीट घडी करून परत ठेवली आणि विचारले, “दादा, बियाणे आहे का?” तिची कणगी जळाली होती. ज्वारी, मका, उडीद, भगर, सासूच्या काळापासून राखलेले बी. वीस वर्षे हे काम करतो आहे, पण बियाण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

दुसरे नुकसान पत्र्याच्या पेटीतले. आधार आणि रेशनकार्ड पुन्हा मिळते. पण एका आजोबांच्या पेटीत वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या होत्या. वनजमीन कसली म्हणून त्यांच्या बापाला दंड झाला होता. आज 2006 च्या वनहक्क कायद्यात त्याच पावत्या उपयोगी पडतात, कारण 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या कागदाने बापाला शिक्षा झाली तोच मुलाचा आधार होता, आणि तो राख झाला. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. आपल्या तरुण संघाच्या दोघा मुलांनी तीन शनिवार बसून असे जबाब लिहून घेतले. हे काम कोणत्याही फोटोत दिसत नाही.

तिसरे, पंचनामा. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांप्रमाणे पूर्ण नष्ट झालेल्या कच्च्या घराला डोंगरी भागात 1,30,000 रुपये होते आणि ‘झोपडी’ला 8,000. कुडाच्या भिंती, सागाचे खांब, कौलारू छप्पर, तीन पिढ्या नांदलेले घर; त्याची नोंद कोणत्या शब्दाने होते, यावर सगळे ठरते. म्हणून पंचनाम्याच्या वेळी समजणारे माणूस शेजारी उभे असावे लागते.

आता मुलांविषयी. सहा वर्षांची एक मुलगी आईने चूल पेटवली की पळत जाऊन आंब्यामागे लपायची. काही मुले रात्री दचकून उठत. आम्ही त्यांना आगीबद्दल काही विचारले नाही. दर शनिवारी तेच दोघे-तिघे जात. माती, खडू, चेंडू घेऊन आंब्याखाली बसत. ठरलेल्या दिवशी ठरलेले माणूस येते, एवढे मुलांना कळले पाहिजे, बाकी हळूहळू होते. महिन्याभरात ती मुलगी आईच्या मांडीवर बसून चुलीसमोर भाकरी खाऊ लागली.

आणि आता नववे घर. माझ्या यादीत आठ कुटुंबे होती. राखेचे ढीग मी पहिल्याच दिवशी मोजले होते, ते नऊ. मी मोजले आणि विचारले नाही. यादी पाड्यातल्यांनीच सांगितली होती, मदत वाटून झाली होती, अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. तिसऱ्या फेरीत त्या लहान मुलीनेच सांगितले, “ते नाल्यापलीकडे राहतात. त्यानेच लावली ना.”

तो अकरा वर्षांचा मुलगा. आजीने शिकवले तसा त्याने मोहाखालचा पाचोळा पेटवला होता, दरवर्षीसारखाच. त्याचे स्वतःचे घरही जळाले होते. नाल्यापलीकडे पळसाच्या पानांच्या आडोशाला आई, आजी आणि तो राहत होते. तीन आठवडे कोणी त्यांच्याशी बोलले नव्हते. पोरगा आमच्याकडे पाहत नव्हता. आई म्हणाली, “आम्ही कोणत्या तोंडाने मागायचे?”

बंधुभगिनींनो, धर्मज्ञानाच्या वर्गात मी पहिले राजे 19 वा अध्याय शिकलो, परीक्षेत त्यावर लिहिले. खचलेला एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला आधी जाब विचारला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा भाकर दिली. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न फार नंतर आला. त्या आडोशासमोर मला तो अध्याय कळला. मी धान्य ठेवले आणि बसून राहिलो. बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

पुढच्या आठवड्यात पाड्याच्या कारभाऱ्यांशी बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पाचोळा तर आम्ही सगळेच जाळतो. वारा त्याच्या दिवशी आला.” नवव्या घराचे बांबू त्यांनीच पाठवले. तरी सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. दोन घरे अजून त्या आईशी बोलत नाहीत. मुलगा जूनमध्ये आश्रमशाळेत गेला, पंधरा दिवसांनी पळून आला, पुन्हा गेला. आमचा एक कार्यकर्ता दर महिन्याला त्याला भेटून येतो. मोहाच्या झाडाखाली तो अजून जात नाही.

त्या पाड्यावर आपल्या मंडळीचे एकही कुटुंब नाही. मदतीच्या बदल्यात आम्ही कोणाकडून काही मागितले नाही, मागणारही नाही.

आपल्याकडे मात्र मागतो. पुढच्या वेळी कपड्यांची गाठोडी नकोत. जूनच्या आधी पोहोचेल असे बियाणे द्या. कागद लिहू शकणारी तरुण मुले द्या. वर्षभर दर शनिवारी जाणारी दोन माणसे द्या. आणि येत्या होळीआधी मोहाखाली बांधायच्या जाळ्यांसाठी पैसे द्या. फूल जाळीत पडले तर पाचोळा पेटवावा लागत नाही. पहिल्या नऊ जाळ्या त्या पाड्यावर जातील. यादी तयार आहे, आणि या वेळी मी घरे स्वतः मोजली आहेत.

त्या मुलासाठी प्रार्थना करा. नाव माहीत नसले तरी चालेल.