दाढेतलं सिमेंट गेलं कुठं?



माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी हा संवाद होतोच. खुर्चीत बसलेली ताई तोंड उघडून दाढेवर बोट ठेवते आणि म्हणते, "डॉक्टर, इथं सिमेंट भरलं होतं. पडलं असतं तर कळलं असतं. पडलं तर नाही, पण आता दिसतही नाही. मग गेलं कुठं?"

पोटात गेलं, बाई. एकदम नाही, रोज थोडं थोडं, भाकरीबरोबर.

आपल्या घरातला पाटा आठवा. वाटून वाटून तो मधे खोलगट आणि गुळगुळीत होतो. मग टाकी लावून घ्यावी लागते. दाढासुद्धा पाटा-वरवंट्यासारख्याच एकमेकींवर घासतात. दातावरचं पांढरं कवच ही आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, हाडाहूनही कठीण. तरी तेही झिजतं. मोजणाऱ्यांनी मोजलंय, दाढ दाढेला टेकते तिथं वर्षाला साधारण २९ मायक्रॉन. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. आता दाढेत जे भरायचं, ते याच वेगानं झिजलं तर उत्तम. भराभर झिजलं तर खळगा पडतो. अजिबात झिजलं नाही तर समोरच्या दाढेला त्रास. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी माझी एक चूक सांगते. मी नवीन डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. डोंगराकडच्या एका वाडीत शिबिर होतं. दिवसभर वीज नव्हती. अशा ठिकाणी हाताच्या अवजारांनी कीड खरवडून काढतात आणि ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरतात. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली, वीज नसलेल्या गावांसाठीच. पद्धत चांगली आहे. एका ताईंच्या मोठ्या दाढेत कीड होती, खड्डा वरून थेट शेजारच्या दाताच्या बाजूपर्यंत गेलेला. मी भरला. त्यांनी विचारलं, "आता काळजी नाही ना?" मी म्हणाले, "काही काळजी नाही."

चार वर्षांनी त्या गाल सुजवून आल्या. सिमेंट निम्मं झिजलेलं. दोन दातांच्या मधली कड उघडी पडून तिथं घास अडकत होता, आणि खालून कीड मुळापर्यंत पोचली होती. दाढ काढावी लागली. त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होता, काळजी नाही." त्या रागावल्या नव्हत्या. तेच मला जास्त लागलं.

ते सिमेंट वाईट होतं का? नाही. काचेची बारीक पूड आणि एक आम्ल मिसळून ते बनतं. लंडनच्या विल्सन आणि केंट या शास्त्रज्ञांनी १९७२ साली ते जगापुढे मांडलं. ते दाताला आपणहून चिकटतं आणि दाताला उपयोगी असं फ्लोराइड हळूहळू सोडतं. लहान खड्ड्यात ते काही वर्षं नीट टिकतं. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांनाही चालतं, त्या नाहीतरी पडायच्याच असतात. पण मोठी दाढ, मोठा खड्डा आणि रोजची भाकरी एवढं सगळं त्याला झेपत नाही. मी त्या ताईंना एवढंच सांगायला हवं होतं, "हे वर्षा-दोन वर्षांनी दाखवा, वरून पुन्हा भरावं लागेल."

जुन्या बायकांच्या दाढेत चांदी असते. चांदी, कथील, तांबं यांची पूड आणि जवळजवळ तेवढाच पारा. दिसायला काळपट, पण झिजेच्या बाबतीत फार चिवट. वीस-वीस वर्षांची चांदी मी रोज बघते. पाऱ्यामुळे तिचा वापर आता कमी होत चाललाय. २०१३ च्या मिनामाटा करारात तसं ठरलं, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका आणि पंधरा वर्षांखालची मुलं यांना ती शक्यतो भरू नये, असं २०२२ मध्ये त्यात घातलं गेलं. पण तुमच्या दाढेत जुनी चांदी घट्ट बसलेली असेल, तर भीतीपोटी ती उकरून घेऊ नका. उकरताना पाऱ्याची वाफ निघते आणि दाढेचा चांगला भागही जातो.

तिसरं, दाताच्या रंगाचं, निळा प्रकाश मारून घट्ट करतात ते कंपोझिट. अंगणातला काँक्रीटचा कोबा बघा. खडी असते आणि तिला धरून ठेवणारं सिमेंट. सिमेंट आधी झिजतं, खडी उघडी पडते, मग निसटते, आणि खड्डा होतो. कंपोझिटचंही तसंच. त्यात राळ असते आणि राळेत काचेचे कण. अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी १९६२ साली या राळेचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या मालात कण मोठे होते, त्यामुळे तो दाढेत लवकर झिजायचा. पुढे कण बारीक बारीक केले, दाटीनं भरले, तसा तो टिकू लागला. पण भरताना दाढ पूर्ण कोरडी हवी आणि पातळ थर देऊन प्रत्येक थरावर प्रकाश मारायला हवा. घाईत जाड थर दिला तर तो आतून कच्चा राहतो. म्हणून डॉक्टरांना वेळ लागला तर कुरकुर करू नका.

आता ते समोरच्या दाढेचं. पांढरी चिनी मातीची कॅप झिजत नाही, म्हणून बायका खूश असतात. पण चावताना उंच लागते म्हणून ती घासून कमी केली आणि पुन्हा गुळगुळीत केली नाही, तर ती कानशीसारखी समोरची चांगली दाढ घासत राहते. कॅपवरून जीभ फिरवून बघा. खरखरीत लागली तर लगेच डॉक्टरांना सांगा.

झिजवणाऱ्या गोष्टी आपल्या घरातच असतात. टाकी लावल्यावर जात्याचं किंवा गिरणीचं पहिलं पीठ, त्यात दगडाची कच असते. ते पहिलं दळण बाजूला ठेवा. सुपारी. झोपेत दात खायची सवय. स्वतःला कळत नाही, घरच्यांना विचारा. आणि मिश्री. मिश्रीनं दात हिरडीजवळ खाचा पडल्यासारखे झिजतात. तिथं भरलेलं सिमेंटही मिश्री पुन्हा घासून काढते. तीन-तीनदा भरून घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात. मिश्रीतल्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो तो वेगळाच. त्यापुढे दाढेचं काय घेऊन बसलात.

गरोदरपणात उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच दात घासू नका. पोटातल्या आम्लानं दात मऊ पडलेला असतो, ब्रशनं तो आणखी झिजतो. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरा आणि अर्ध्या तासानं घासा.

शिबिरात आम्ही आजही तेच सिमेंट भरतो. पण केसपेपरवर मी मराठीत लिहिते, काय भरलं, कधी भरलं आणि पुन्हा कधी दाखवायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सणाची खूण सांगते, संक्रांतीला या, नाहीतर पोळ्याला. मागच्या संक्रांतीला नऊ जणी आल्या, तिळगूळ घेऊन. तिघींच्या दाढा वरून पुन्हा भरल्या. काढावी एकही लागली नाही.