शेकरू पाहायचं तर मान वर करा

भीमाशंकरच्या जंगलात आम्ही लहानपणापासून जातो, कधी सरपणाला, कधी हिरड्याला. तेव्हा नजर खाली असते. मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बारा जणी मुद्दाम जंगल पाहायला गेलो. कसं पाहायचं, ते आज सांगतो.

हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू म्हणजे मोठी तांबूस-तपकिरी खार, आपला राज्यप्राणी. पोट फिकट, शेपटी लांब झुपकेदार.

सकाळी ऊन चढायच्या आत निघा. भडक साडी नको, गप्पा तर नकोतच. आधी कान लावा. शेकरूचा आवाज मोठा, खडखडल्यासारखा असतो. मग झाडाखाली पाहा. कुरतडलेली फळं ताजी पडलेली असतील, तर तिथेच थांबा आणि मान वर करा. उंचावर बारीक फांद्यांत पानं-काटक्यांचा गोल गोळा दिसेल, ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, म्हणून रिकामं दिसलं तरी हिरमुसू नका. आम्हाला तिसऱ्या घरट्याजवळ ते दिसलं. अख्खी वाट ओलांडून पलीकडच्या झाडावर झेपावलं! मात्र त्याला किंवा माकडांना बिस्किटं टाकू नका.

आमच्यातली एक जण म्हणाली, "खारीचं कौतुक ठीक आहे गं, पण चूल कशावर पेटवायची?" प्रश्न खरा आहे. शेकरू सहसा जमिनीवर येत नाही, त्याची वाट फांद्यांवरून जाते. मधलं एक मोठं झाड गेलं की वाट तुटते. मग त्याला खाली उतरावं लागतं, आणि खाली कुत्री असतात. अभयारण्यात तोडीला कायद्याने बंदी आहे, तरी घरात सरपण तर लागतंच.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. सिलिंडर भरायला गटातून कमी व्याजाने कर्ज द्यायचं. आणि पावसाळ्यात प्रत्येकीने आपल्या बांधावर सरपणाची झाडं लावायची. देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही, ही रीत आपल्या आज्यांनी पाळली. तीच थोडी पुढे नेऊ या.

तुमच्या गटाने काय ठरवलं, ते आम्हाला जरूर कळवा.