दुखणाइताची आशा



‘गंभीर आजारांत ख्रिस्ती माणसाला आधार कशाचा?’ या विषयावर चार शब्द बोलण्याची विनंति मला झाली, तेव्हां प्रथम मीं नकारच दिला. मी कोणी धर्मपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि चौतीस वर्षें मराठी शाळेंत मुलांना शुद्धलेखन घालणारा मी एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. परंतु मागाहून मनांत आलें कीं, या विषयावर बोलण्याचा अधिकार मला विद्येनें मिळाला नसला तरी दुखण्यानें मिळाला आहे. गेल्या आषाढांत माझ्या मोठ्या आंतड्यांत कर्करोग असल्याचें निदान झालें. श्रावणांत शस्त्रक्रिया झाली, आणि पुढें सहा महिने, दर तीन आठवड्यांनीं, शिरेवाटे औषध घेण्यासाठीं मी रुग्णालयांत जात होतों. रोग समूळ गेला कीं नाहीं, हें डॉक्टरांना अजून निश्चित सांगतां येत नाहीं. तेव्हां मी जें बोलणार आहें तें तीरावर पोंचलेल्या माणसाचें बोलणें नव्हे; अद्याप पाण्यांत असलेल्याचें आहे, एवढें आपण ध्यानांत ठेवावें.

बातमी पसरतांच भेटीस येणारांची रीघ लागली. सगळीं माणसें प्रेमानें आलीं होतीं, याविषयीं मला शंका नाहीं. पण एका गृहस्थांनीं, एखादें पाप कबूल करावयाचें राहून गेलें असेल तर तें आठवून पाहावें, असा सल्ला दिला. दुसऱ्यांनीं सांगितलें कीं, माझा विश्वास पुरेसा असता तर शस्त्रक्रियेची पाळीच आली नसती. तिसऱ्या एका बाईंनीं, सर्व कांहीं प्रभूच्या योजनेप्रमाणेंच चाललें आहे, असें समाधान केलें, चहा घेतला आणि त्या गेल्या. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुखण्यापेक्षां त्या तीन समाधानांचेंच ओझें मला अधिक झालें.

दुसऱ्या दिवशीं मीं ईयोबाचा ग्रंथ काढला. ईयोबाचे मित्र त्याची दैना पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशीं जमिनीवर बसून राहिले, आणि एकानेंहि एक शब्द काढला नाहीं. मला वाटतें, मित्रत्वाचें याहून मोठें कृत्य त्यांच्या हातून पुढें घडलें नाहीं. आठव्या दिवशीं ते बोलूं लागले आणि सारें बिघडलें. त्यांचे उपदेश लांबलचक आहेत, बरेचसे सुसंगतहि आहेत. तरी ग्रंथाच्या शेवटीं देवाचा कोप होतो तो या उपदेशकांवर, देवाशीं भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र खाटेवर पडल्यावर कळला.

शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या रात्रीची हकीकत सांगतों. वेदना फार होत्या. नाकांत नळी, हातांत सुई. प्रार्थना करूं गेलों तर शब्द सुचेना. उपकारस्तुतीचीं जीं वाक्यें जन्मभर तोंडांत बसलेलीं, तीं त्या वेळीं खोटीं वाटूं लागलीं. तेव्हां मला अठ्ठ्याऐशीवें स्तोत्र आठवलें. स्तोत्रसंहितेंत दुःखाचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत, पण त्यांतलीं बहुतेक शेवटीं वळण घेतात. रडत आलेला मनुष्य स्तुति करीत बाहेर पडतो. हें एक स्तोत्र तसें वळत नाहीं. तें देवाला हांक मारीत सुरू होतें, आपण कबरेच्या कांठाशीं टेकलों असें सांगतें, तूं तोंड कां लपवितोस म्हणून विचारतें, आणि काळोखांतच संपतें. शाळेंत मीं मुलांना निबंधाचा शेवट गोड करावा, असें नेहमीं बजावीत असें. या स्तोत्रकर्त्याला माझ्या हातून दहांपैकीं चारच गुण मिळाले असते! आणि तरीहि प्राचीन भक्तमंडळीनें तें स्तोत्र वगळलें नाहीं, त्याला शेवटची ओळ जोडली नाहीं. दुःखी माणसाची तक्रार हीदेखील प्रार्थनाच आहे, असें मानून त्यांनीं तें जपून ठेवलें.

मी तें पुटपुटत होतों. शेजारच्या खाटेवर सत्तरी उलटलेले एक वारकरी शेतकरी होते. गळ्यांत माळ, आणि पोटांत माझ्यासारखाच रोग. मी त्यांना ‘बुवा’ म्हणत असें. त्यांनीं विचारलें, “काय म्हनताय मास्तर?” मीं त्यांना स्तोत्राचा भावार्थ सांगितला. ते बराच वेळ स्तब्ध राहिले, मग म्हणाले, “देवाला एवढं बोलायचं म्हंजे वळख जुनी पायजे.”

बुवा दिवाळीनंतर गेले. त्यांचें तें वाक्य मीं पुढें आमच्या पाळकसाहेबांना सांगितलें, आणि त्यांनीं तें एका उपासनेंत सांगितलें.

आतां बरें होण्याविषयीं. प्रभु येशूनें रोगी बरे केले, हें शुभवर्तमानांत पानोपानीं आहे, आणि आम्ही बरें होण्यासाठीं प्रार्थना करतों ती मनापासून करतों. पण त्याच शास्त्रांत पौलाचीहि कथा आहे. त्याच्या शरीरांत एक कांटा होता. तो दूर व्हावा म्हणून त्यानें तीनदां विनवणी केली. कांटा निघाला नाहीं. कृपा पुरेल, एवढेंच उत्तर मिळालें. हा कांटा म्हणजे कोणता रोग, यावर टीकाकारांनीं फार डोकें चालविलें आहे. कोणी डोळ्यांचा विकार म्हणतात, कोणी हिंवताप. पौलानें रोगाचें नांव सांगितलें नाहीं याचा मला तर आनंदच वाटतो. त्यामुळें त्या रिकाम्या जागीं ज्याला त्याला आपलें दुखणें लिहितां येतें.

प्रार्थना आणि औषध यांत विरोध आहे असें समजणारीं माणसें आमच्यांत अजून भेटतात. त्यांनीं हिज्कीया राजाची गोष्ट वाचावी. त्यानें भिंतीकडे तोंड करून, अश्रु ढाळीत प्रार्थना केली. देवानें त्याचें आयुष्य पंधरा वर्षांनीं वाढविलें. आणि संदेष्ट्यानें काय करावयास सांगितलें? तर गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास! शिवाय पंधरा वर्षांनीं राजा मेलाच, हेंहि विसरूं नये. आपल्याकडे १८९४ सालीं मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनीं मिशनचें रुग्णालय सुरू केलें, तें प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. कुष्ठी मनुष्य प्रभूपुढें गुडघे टेकतो, त्या प्रसंगीं प्रभु आधीं हात पुढें करून त्याला स्पर्श करतो, आणि मग बरें होण्याचा शब्द उच्चारतो. ज्याला लोक दुरूनच हांकलीत, त्याला बरें होण्याच्या आधींच कोणी शिवलें. रात्रपाळीची परिचारिका माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाही, तेव्हां मला ही गोष्ट आठवे. तापमापक तर तिच्या खिशांत होताच.

मला मरणाचें भय वाटलें नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. पण त्याहून अधिक टोंचत होतें तें अपुरेपण. नातवाला व्याकरण शिकवावयाचें होतें. वडिलांच्या हस्तलिखित भजनांची वही नीट उतरून काढावयाची होती. या बाबतींत मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरानें धीर दिला. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य आरंभिलें. सुमारें ११ अध्याय झाले असतील नसतील, तोंच १९१९ च्या मे महिन्यांत मुंबईस ते वारले. शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें काम हातीं घेतलें आणि आणखी ६४ अध्याय रचून तें तडीस नेलें. १९३६ सालीं त्या गेल्या. ग्रंथ छापून निघाला तो १९३८ सालीं. म्हणजे ज्यानें आरंभ केला त्यानें शेवट पाहिला नाहीं, आणि जिनें शेवट केला तिनें छापील पुस्तक पाहिलें नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ अनेकांनीं वाचलीं आहेत. ‘ख्रिस्तायन’ फारसें कोणी उघडीत नाहीं. माझ्यासारख्या आजाऱ्याला मात्र त्या दोन हस्ताक्षरांचा विचार फार आधार देतो. मीं भजनांची वही मुलीच्या हवालीं केली आहे. तिचें अक्षर माझ्यापेक्षां चांगलें आहे.

आम्ही पुनरुत्थानाची आशा धरतों. तिचें वर्णन करण्याची माझी ऐपत नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांतील एक बारीकशी गोष्ट मात्र सांगतों. उठलेला प्रभु शिष्यांना आपले हात आणि कूस दाखवितो, आणि तेथें व्रण तसेच आहेत. मरणावर जय मिळविलेल्या देहावरून खिळ्यांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहींत. माझ्या पोटावर वीतभर लांबीचा व्रण आहे. स्नानाच्या वेळीं पूर्वीं मी तिकडे पाहात नसें, आतां पाहतों.

तसेंच लाजराचें. त्याला आपण क्षणभरांत उठविणार, हें ठाऊक असूनहि प्रभु त्याच्यासाठीं रडला. म्हणून आजाऱ्याच्या घरांत कोणी रडूं लागलें तर, ‘विश्वासणाऱ्यांनीं रडूं नये’ असें कृपा करून म्हणूं नका. बसावयास पाट द्या, पाणी द्या, आणि स्वतःहि बसा.

येत्या मंगळवारीं माझी पुन्हां तपासणी आहे. काल संध्याकाळीं पेजेची वाटी पुढें ठेवतांना पत्नीनें विचारलें, “अहो, भीति वाटते का?” मीं म्हटलें, “वाटते.” “मलाहि,” ती म्हणाली. मग तिनें हात पुसले, चष्मा लावला आणि शास्त्र उघडून, कालची खूण जेथें होती तेथून पुढें वाचावयास आरंभ केला.